न दिसलेली कावीळ

मिलिंद,

काविळीच्या माळेवरून तू मला हसायचास, ते शेवटपर्यंत सोडलं नाहीस. अंगात बोलायची ताकद राहिली नव्हती. घरी येणारी नर्स वाकून तुझे डोळे बघत होती, पिवळे झालेत म्हणाली. तेव्हा तू माझ्याकडं मान वळवलीस आणि म्हणालास, "आबा, माळ आणलीय का बॅगेतून?" त्या बाईला वाटलं तू पाणी मागतोयस. तिनं पेला पुढं केला.  मी मनात म्हटलं, जिंकू दे याला एवढं.

तुझ्या इथल्या मित्रांनी त्यांच्या मंडळाच्या अंकासाठी मला तुझ्याबद्दल लिहायला सांगितलं. "तुम्ही बोला आबा, आम्ही टाईप करतो," म्हणाले. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली, अक्षर सुटलेलं नाही. तुझं शिक्षण, तुझी कंपनी, तू किती हुशार होतास हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, ते त्यांनी लिहावं. आपल्या दोघांचं जे भांडण अर्धं राहिलं, ते मी लिहितो. ते दुसऱ्या कुणाला येणार नाही.

तू दुसरीत होतास. डोळे हळदीसारखे झाले, जेवण तुटलं. दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाला विश्रांती द्या, ग्लुकोज पाजा. तेवढ्यानं माझं समाधान होईना. सायकलचं दुकान बंद ठेवून तुला दांडीवर बसवलं आणि पलीकडच्या गावात माळ देणारा होता त्याच्याकडं नेलं. त्यानं काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून कडं केलं आणि तुझ्या डोक्यावर ठेवलं. हातावर चुन्याची निवळी ओतली, खाली परातीत पाणी पिवळं झालं. तुझी आई ते बघून रडली. मग रोज ती माळ थोडी खाली. कपाळावर आली, कानावर आली, गळ्यात आली. पायातून बाहेर पडली तेव्हा तुझे डोळे पांढरे झालेले होते. कावीळ उतरली. गल्लीतल्या सगळ्यांनी बघितली.

पुढं इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सुट्टीत आलास आणि तशीच एक माळ कुठून तरी घेऊन आलास. ती भोपळ्यावर ठेवलीस. माझ्या दुकानातल्या फळीवर, गिऱ्हाइकांसमोर. काही दिवसांनी ती माळ घरंगळत भोपळ्याच्या बुडाशी आली. तू मोठ्यानं ओरडून सांगितलंस, "आबा, भोपळ्याची कावीळ उतरली!" सगळं दुकान हसलं. मग मला समजावायला लागलास, काड्या सुकतात, गाठी सैल होतात, माळ आपोआप लांबते. वर म्हणालास, "भिंतीवर फोटो कुणाचा लावलाय आणि पोराच्या डोक्यावर काय ठेवलंत!" मला ते लागलं. मी म्हटलं, भोपळा बरा झाला का नाही माहीत नाही, तू बरा झालास. त्या भोपळ्याची भाजी मी खाल्ली नाही. तुझ्या आईनं तुलाच दोन वेळा वाढली.

हे भांडण मी जिंकलेलंच धरून होतो. म्हणून तू तिकडं परदेशातून, फेल्डहोवनहून फोन करून सांगितलंस की लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे, तेव्हा मी पहिलं काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, तुझं लिव्हर तर तेव्हाच बरं केलं होतं.

व्हिसा मिळाला, मी आलो. तुझा पलंग समोरच्या खोलीत मोठ्या खिडकीशी लावलेला. या गावात खिडक्यांना पडदे ओढत नाहीत. जाणारा-येणारा आत बघतो, सायकलवरून हात करतो. मी पहिल्याच दिवशी पडदा ओढला. आजारी माणूस काय लोकांनी बघायला ठेवायचा असतो? तू म्हणालास, "आबा, उघडा. लपवायला काय झालंय?" मी उघडला. पण मला तो प्रश्न आवडला नाही.

तिथं बसून तू मला सगळं समजावलंस. तुझी बायको स्नेहल म्हणायची, आबांना कशाला तपशील, त्रास होईल. तू म्हणालास, "त्यांना अर्धवट सांगितलं तर जास्त त्रास होतो. ते उरलेलं स्वतःच्या मनानं भरतात." सून हसली. मीही हसलो असतो, पण तू खरं बोलला होतास.

तू म्हणालास, रक्तात एक व्हायरस सापडला आहे. हेपटायटिस बी. मी म्हटलं, म्हणजे कावीळच ना? ती तर गेली.

"ती वेगळी होती, आबा. ती पाण्यातून आलेली. तशी कावीळ येते आणि जाते, माळ घाला नाहीतर टोपी घाला. ही दुसरी माझ्या अंगात त्याच्याही आधीपासून होती. हिनं कधी डोळे पिवळे केले नाहीत. ताप नाही, उलटी नाही. काहीच दाखवलं नाही."

"मग दिसत नव्हती तर होती कशावरून?"

"आता दिसतेय ना."

 जी दिसली तिच्यामागं मी दुकान बंद ठेवून पळालो. आणि जी होती ती माझ्यासमोर दांडीवर बसून गावाला गेली आणि परत आली. तू कंपनीत पांढरा झगा घालून, तोंड-डोकं बांधून त्या खोलीत जायचास, तिथं धुळीचा एक कण चालत नाही म्हणून सांगायचास. आणि एवढी वर्षं हे पोटात घेऊन फिरत होतास. यात कुणाला बोल लावायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी विचारलं, एवढासा जीव, त्यानं कॅन्सर कसा केला? काय खाल्लं त्यानं लिव्हरचं?  तू मलाच विचारलंस, "आबा, ट्यूबला एकाच जागी किती पॅच मारता?"

"दोन. तिसऱ्यांदा आला तर ट्यूब बदल म्हणून सांगतो."

"का?"

"पॅच मारायच्या आधी घासावं लागतं. घासून घासून रबर पातळ होतं. मग पॅचवर पॅच धरत नाही."

"माझ्या शरीरानं चाळीस वर्षं तेच केलं. त्या व्हायरसनं स्वतः फार काही खाल्लं नाही. आपलं शरीर त्याला मारायला जातं, त्यात लिव्हरच्या पेशी मरतात. मेलेल्यांच्या जागी शेजारच्या पेशी नव्या तयार करतात. परत मारामारी, परत नव्या. पेशी नवी होते तेव्हा जुनीचं सगळं लिखाण उतरवून घेते. इतक्या वेळा उतरवलं की कुठंतरी चूक होणारच. त्यात हा व्हायरस आपलाही मजकूर मध्येच घुसवतो. अशा चुका साठत जातात. मग एक पेशी अशी निघते, जिला थांबायचं कळत नाही. ती वाढतच राहते."

"आणि त्या व्हायरसनं काय केलं?"

"त्यानं फक्त जागा सोडली नाही."

हे मला समजलं. इतकं नीट मला कुठल्या डॉक्टरनं सांगितलं नसतं. तू शिकवायला बसायचास तेव्हा आपलं भांडण नसायचं, हे मी तुला कधी बोललो नाही. आता बोलतो. तुझ्या हुशारीचं कौतुक गावभर केलं, तोंडावर केलं नाही. तशी आपल्याकडं रीत नव्हती, आणि असती तरी मी केलं नसतं.

पण मग तू म्हणालास, हा बहुतेक आईकडून आला. जन्मताना. तिथं मी उठलो.

स्नेहल आणि अंकाचे वाचणारे यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. तुझी आई पोटात पाणी होऊन गेली. हातपाय काडीसारखे आणि पोट घागरीएवढं. गल्लीत बोललं गेलं की हे पिणाऱ्याचं पोट आहे, बाई चोरून पीत असणार. जिनं उभ्या जन्मात घोट घेतला नाही, तिच्याबद्दल. एकानं माझ्या दुकानात बसून माझ्यासमोर ते म्हटलं. त्याची सायकल दुरुस्तीला उघडलेली होती. मी ती तशीच, चाकं एकीकडं आणि चेन एकीकडं, रस्त्यावर नेऊन ठेवली. त्यानंतर माझ्यासमोर कुणी बोललं नाही. माझ्यामागं बोलले. तुझ्या ताईला, संगीताला, सासरी ऐकावं लागलं. तिची सासू काही बिनसलं की म्हणायची, पिणारणीची पोरगी. पंचवीस वर्षं तिनं ते ऐकलं.

आणि आता मी असं म्हणायचं की तुझ्या आईनं पोराला कॅन्सरही दिला?

"दिला नाही, आबा," तू म्हणालास. "तिच्याकडं होता. तिलाही माहीत नव्हतं. तिला कदाचित तिच्या आईकडून आला असेल, कदाचित गावात सगळ्यांना एकच सुई टोचायचे त्यातून. कुणी कुणाला दिला नाही. आला."

"तेच की ते."

"तेच नाही."

"लोकांना तेच."

"लोकांचं सोडा. ताईचं बोला. ती माझ्या आधी जन्मली. तिच्याही अंगात असेल तर आज तिलाही काही दिसत नसेल. रक्त तपासलं की कळेल. असला तर रोजची गोळी असते, त्याला दाबून ठेवते. सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. मला ते मिळालं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. स्नेहलला नाही, तिनं लस घेतलीय. पोरीला, मैत्रीला, लहानपणीच सगळ्या लसी दिल्यात. राहिली ताई आणि तिची पोरं. मी तिला फोन करतो."

मी म्हटलं, तू करायचा नाहीस. आईचं नाव यात येणार असेल तर ते माझ्या तोंडून येईल. मी सांगीन.

"कधी?"

"सांगीन म्हटलं ना."

तुझा माझ्यावर विश्वास होता, म्हणून तू फोन केला नाहीस. मध्ये दोनदा विचारलंस. पहिल्यांदा मी म्हटलं, तिच्याकडं लग्नसराई आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, हे फोनवर बोलायचं नाही, गावी गेल्यावर समोर बसून बोलीन. तू डोळे मिटून पडला होतास. "आबा, ते वाट बघत नाही," एवढंच म्हणालास. नंतर बोलणं कमी होत गेलं आणि आपलं भांडण तिथंच राहिलं.

तू गेलास तेव्हा दुपार होती आणि पडदा उघडा होता. समोरच्या घरातली म्हातारी तिच्या दारात येऊन उभी राहिली, हात जोडून. तिला ते कुणी शिकवलं होतं कोण जाणे. बहुतेक मैत्रीनं.

तुझ्या मित्रांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं, नीट म्हटलं. नंतर बाजूच्या खोलीत सगळ्यांना कॉफी आणि केक. मयतीला केक मी पहिल्यांदा बघितला. मैत्रीनं माझ्या हातात बशी दिली आणि तिच्या इंग्रजीत काहीतरी म्हणाली. मी तिला म्हटलं, मराठीत बोल. ती म्हणाली, "आबा, खा. बाबाला आवडायचा." मी खाल्ला. संगीता हे सगळं फोनच्या पडद्यावर बघत होती, तिचा व्हिसा वेळेत झाला नाही. ती रडत होती आणि मी फोन धरलेल्या माणसाला सांगत होतो, नीट धर, तिला दिसत नसेल.

त्यानंतर मी रोज सकाळी सायकलींच्या वाटेनं कालव्यापर्यंत चालत जायचो आणि यायचो. फोन खिशात असायचा. सुनेनं आठवडाभर बघितलं. मग एका सकाळी मी बूट घालत असताना दारात येऊन उभी राहिली.

"आबा, ताईंना सांगितलंत?"

"गावी गेल्यावर."

"गावी जायला अजून दीड महिना आहे."

"मग दीड महिन्यानं. एवढी वर्षं काही झालं नाही तर..."

"मिलिंदलाही एवढी वर्षं काही झालं नव्हतं."

बूट घालून झाले तरी मी बसूनच राहिलो. ती आवाज न चढवता बोलली, "तुम्ही आईंची अब्रू सांभाळताय ते मला कळतं. पण आई गेल्या. ताई आहेत. आज संध्याकाळपर्यंत तुम्ही बोलला नाहीत तर मी बोलणार. आणि मी तुमच्याइतकं जपून बोलणार नाही."

तुझ्या बायकोला तू काय बघून पसंत केलंस ते मला त्या दिवशी कळलं. मी बूट काढले. फोन लावला.

संगीता भाकरी करत होती, थापण्याचा आवाज येत होता. म्हणाली, "बोला आबा, स्पीकरवर ठेवलाय." मी म्हटलं, स्पीकर काढ आणि तवा उतरव. ती घाबरली. मी सगळं सांगितलं. तू सांगितलं होतंस त्याच क्रमानं सांगितलं, पॅचसुद्धा सांगितला. व्हायरस, चाळीस वर्षं, गोळी, सोनोग्राफी. शेवटी आईचं नाव घेतलं. म्हटलं, तिच्याकडून आला असावा असं मिलिंद म्हणत होता. तिची काही चूक नव्हती. लोक काय म्हणायचं ते म्हणतील, तू लक्ष देऊ नकोस.

तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. 

"आबा, म्हणजे आईच्या पोटात पाणी झालं ते यानंच?"

"मिलिंद तसंच म्हणत होता. लिव्हर सुकलं की पोटात पाणी होतं. त्याला दारूच लागते असं नाही."

"म्हणजे आई पीत नव्हती."

मी चिडलो. "मी पंचवीस वर्षं काय सांगतोय मग?"

"तुम्ही सांगत होतात हो. भांडत होतात. पण मग पोट कशानं फुगलं, असं कुणी विचारलं की तुमच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नव्हतं. मला कधीकधी वाटायचं, आबा, की असेलही पीत. तुम्ही झाकत असाल."

तुझ्या आईच्या स्वतःच्या पोरीला असं वाटत होतं. आणि मी समजत होतो की गप्प राहून मी तिच्या आईचं नाव सांभाळतोय. तू तिथं असतास तर म्हणाला असतास, बघा. तू नव्हतास. मीच मला म्हटलं.

मी विचारलं, तपासायला कधी जातेस? ती म्हणाली, "उद्याच. आणि एकटी जात नाही. सासूबाईंना घेऊन जाते. डॉक्टरांना त्यांच्यासमोर सगळं विचारते, पोटात पाणी कशानं होतं इथपासून."

"ती म्हातारी येईल का?"

"गुडघे दाखवायचे आहेत त्यांना. येतील."

रिपोर्ट आला. संगीताला आहे. पोरांना नाही, त्यांना लस दिली. तिच्या आणखी तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, लिव्हर थोडं सुजलेलं आहे, पण अजून चांगलं आहे, वेळेत आलात. गोळी चालू झाली. हे मी तुला सांगायला हवं होतं आणि सांगायला तू नाहीस, म्हणून इथं लिहितो. जे वाचतील त्यांच्यापैकी कुणाच्या घरात कुणी असं पोट फुगून गेलं असेल, तर त्यांनी गल्लीचं ऐकण्याऐवजी रक्त तपासावं. एवढं माझ्या शिक्षणात मला सांगता येतं.

मी संगीताला विचारलं, म्हातारी काय म्हणाली?

"तिथं काही नाही. डॉक्टर बोलत होते तेव्हा पदर तोंडाला लावून बसल्या. येताना रिक्षात म्हणाल्या, तुझ्या आईचा फोटो आहे ना गं पेटीत? मग भिंतीवर का लावत नाहीस?"

"मग लावलास?"

"खिळा त्यांनीच शोधून दिला."

नंतर तिनं माझ्यावर मोर्चा वळवला. डॉक्टर म्हणाले, वडिलांचंही रक्त बघा. मी म्हटलं, मी ठणठणीत आहे. ती म्हणाली, "आबा, तो शब्द आता आपल्या घरात चालणार नाही." गावी गेल्यावर ती मला घेऊन जाणार आहे म्हणे. मी होय म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. यावर तू काय म्हणाला असतास ते मला माहीत आहे, लिहायची गरज नाही.

सकाळी इथून फोन करतो तेव्हा तिच्याकडं दुपार होत आलेली असते. दुसरं काही बोलत नाही. विचारतो, गोळी घेतली का? ती म्हणते, रोज काय विचारता, मी काय लहान आहे? चिडून ठेवून देते. चिडू दे. उद्या परत विचारीन.